संगणकाने शोधलेले औषध : सिकलसेलच्या घरांनी काय समजून घ्यावे?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना आटोपली आणि एक ताई मोबाइल घेऊन माझ्याजवळ आल्या. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा सिकलसेलचा, म्हणजे 'एसएस पॅटर्न'चा रुग्ण आहे.

"सिस्टर, हे वाचा बरं. कम्प्युटरनं सिकलसेलवर औषध शोधलं म्हणते. पोराच्या गोळ्या बंद करा म्हणते याच्यात."

मेसेजमध्ये एका वनस्पतीचे नाव होते, रंगीबेरंगी रेणूचे चित्र होते, 'शास्त्रज्ञांनी संगणकावर सिद्ध केले' असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते आणि खाली चूर्ण मागवण्यासाठी फोन नंबर होता.

मी विचारले, "गोळ्या चालू आहेत ना?"

ताई गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अठरा दिवस झाले, दिल्या नाही."

पुढच्याच आठवड्यात मुलाच्या पाठीत आणि मांड्यांत भयंकर दुखायला लागले. चार दिवस तो वॉर्डात होता. गोळ्या बंद केल्यामुळेच हे झाले असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सिकलसेलमध्ये गोळ्या चालू असतानाही असे दुखणे येते. पण जे औषध त्याचे दुखणे कमी ठेवत होते ते बंद झाले, आणि त्याच्या जागी जे आले ते एकाही माणसावर तपासलेले नव्हते, एवढे मात्र खरे.

या ताई भोळ्या नाहीत. दहावी शिकलेल्या आहेत, बचत गटाचा हिशेब त्याच ठेवतात. मांत्रिकाचा मेसेज असता तर त्यांनी तो लगेच पुसून टाकला असता. 'संगणक' आणि 'शास्त्रज्ञ' या शब्दांवर त्यांनी विश्वास ठेवला. विज्ञानावर विश्वास ठेवणे ही आपल्या समाजाची चांगली सवय आहे. म्हणूनच संगणक औषध कसे शोधतो, किती शोधतो आणि कुठे थांबतो, हे आपल्याला माहीत असायला हवे. आजचा पाठ त्यासाठी.

आधी आजार : एका जागेची चूक

आपल्या रक्तातील लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते. फुप्फुसात ऑक्सिजन उचलायचा आणि शरीरभर पोहोचवायचा, हे त्याचे काम. हिमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा बनतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीत माळेतल्या मण्यांसारखी अमिनो आम्ले ओवलेली असतात.

सिकलसेलमध्ये बीटा साखळीतला सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. एवढाच फरक. पण ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडते आणि व्हॅलिन तेलासारखे वागते. रश्श्यावरच्या तर्रीचे थेंब जवळ आले की एकमेकांत मिसळतात, हे आपण रोज पाहतो. तसेच ऑक्सिजन सोडल्यावर हे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि पेशीच्या आत लांब दोऱ्या तयार होतात. गोल, लवचीक पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. बारीक नसांमध्ये अशा पेशी अडकतात, रक्त पुढे जात नाही आणि प्रचंड दुखते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी अवघी १० ते २० दिवस जगते. म्हणून रक्त कमी होते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे : हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धरून ठेवला असेल तर ते असे चिकटत नाही.

विदर्भात हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत जास्त आढळतो. हे कोणाचे पाप नाही आणि शापही नाही. आई आणि वडील दोघेही 'एएस', म्हणजे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते.

संगणक नेमके काय करतो?

औषध म्हणजे एक लहान रेणू. शरीरातील एखाद्या मोठ्या प्रथिनाच्या खाचेत तो जाऊन बसतो आणि त्याचे काम थांबवतो किंवा बदलतो. प्रथिन म्हणजे कुलूप आणि औषध म्हणजे किल्ली असे समजा. किल्ली बनवायची तर आधी कुलपाची आतली रचना माहीत हवी.

ही रचना डोळ्यांनी किंवा साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. प्रथिनाचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडतात आणि ते कसे विखुरतात यावरून आतला आकार काढतात. मॅक्स पेरुट्झ या शास्त्रज्ञाने १९३७ पासून हिमोग्लोबिनवर हे काम चालवले. वीसहून अधिक वर्षांनी त्यांना त्याची रचना दिसली आणि १९६२ चे नोबेल पारितोषिक जॉन केंड्र्यू यांच्यासोबत मिळाले. जगभरात शोधल्या गेलेल्या अशा रचना साठवण्यासाठी १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली. तेव्हा तिच्यात सातच रचना होत्या. आज दोन लाखांहून अधिक आहेत आणि त्या कोणालाही फुकट पाहता येतात.

रचना हातात आली की संगणकाचे काम सुरू होते. ते साधारण तीन प्रकारचे असते.

पहिले, किल्ली लावून पाहणे. याला डॉकिंग म्हणतात. संगणक एकेक रेणू प्रथिनाच्या खाचेत वेगवेगळ्या बाजूंनी बसवून पाहतो आणि तो किती घट्ट बसेल याचे गुण देतो. लाखो रेणूंमधून जास्त गुणांचे थोडे रेणू निवडले जातात.

दुसरे, हालचाल पाहणे. शरीरातले प्रथिन लोखंडी कुलपासारखे स्थिर नसते. ते सतत हलते आणि त्याच्याभोवती पाणी असते. ही हालचाल संगणक गणिताने मांडतो.

तिसरे, अंदाज बांधणे. आधी तपासलेल्या हजारो रेणूंच्या माहितीवरून नवा रेणू पोटातून रक्तात जाईल का, यकृताला त्रास देईल का, याचा अंदाज काढतात. प्रथिनाची रचनाच ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आता आली आहेत. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच प्रकारच्या कामाला मिळाले.

याचा मोठा फायदा असा की लाखो रेणू प्रयोगशाळेत बनवून तपासायला जो काळ आणि पैसा लागला असता तो वाचतो. पण संगणकाने दिलेले गुण म्हणजे अंदाज. नोकरीसाठी शंभर अर्ज आले तर कागद पाहून दहा जणांना बोलावतात. कागदावर चांगला दिसणारा माणूस कामाला कसा आहे, ते कामावर आल्यावरच कळते. संगणक अर्जांची छाननी करतो. नोकरीवर कायम करण्याचा अधिकार त्याला नाही.

एकाच गोळीच्या दोन गोष्टी

हा फरक समजायला एका औषधाचे उदाहरण घेऊ. एचआयव्हीच्या विषाणूला वाढण्यासाठी प्रोटीएज नावाचे एक प्रथिन लागते. त्याची रचना १९८९ मध्ये कळली. ती रचना संगणकाच्या पडद्यावर समोर ठेवून शास्त्रज्ञांनी तिच्या खाचेत बसणारी औषधे घडवली. १९९५-९६ मध्ये अशी पहिली औषधे बाजारात आली आणि इतर औषधांच्या जोडीने दिल्यावर एचआयव्हीचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. लोपिनाविर हे याच घराण्यातले औषध. आपल्याकडील एआरटी केंद्रांतूनही ते दिले गेले आहे. रचनेवरून घडवलेल्या औषधाने माणसे जगवली, याचा हा भक्कम दाखला आहे.

आता दुसरी गोष्ट. २०२० मध्ये कोविड आला. कोविडच्या विषाणूतही एक प्रोटीएज असते. अनेकांनी संगणकावर जुनी औषधे त्याच्या खाचेत बसवून पाहिली, आणि लोपिनाविर तिथेही चांगले बसते असे काही अभ्यासांत दिसले. डॉक्टरांनी ते रुग्णांना दिलेही. मग इंग्लंडमध्ये 'रिकव्हरी' नावाची मोठी चाचणी झाली. ज्यांना लोपिनाविर दिले त्यांतले २३ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. ज्यांना ते दिले नाही त्यांतले २२ टक्के दगावले. म्हणजे काहीच फायदा झाला नाही.

औषध तेच, दोन्हीकडे प्रथिनाचे नाव प्रोटीएजच, संगणकाचे गुणही चांगले. तरी एका आजारात उपयोग झाला आणि दुसऱ्यात झाला नाही. हे माणसांवर नीट तपासल्यावरच कळले.

सिकलसेलसाठी घडवलेली किल्ली

आता आपल्या आजाराकडे येऊ. ऑक्सिजन धरून ठेवलेले हिमोग्लोबिन चिकटत नाही, हे आपण वर पाहिले. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन घट्ट धरायला लावणारा रेणू शोधला तर?

असे काही रेणू आधीच माहीत होते. आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन त्यांपैकी एक. काचेच्या नळीत ते हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी वाकणे कमी होते. पण पोटात गेल्यावर शरीर त्याची चटकन मोडतोड करते. रक्तापर्यंत पुरेसे पोहोचतच नाही. नळीत चालणारे औषध शरीरात का चालत नाही, याचे हे सोपे उदाहरण आहे. म्हणून कोणी व्हॅनिला आइस्क्रीम खाऊन सिकलसेल बरा करायला जाऊ नये!

आणखी एक अडचण होती. विषाणूचे प्रथिन शरीरात थोडेसे असते. हिमोग्लोबिन मात्र निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात १२ ते १५ ग्रॅम असते. एवढ्या कुलपांना तितक्याच किल्ल्या लागणार.

अमेरिकेतील ग्लोबल ब्लड थेरप्युटिक्स या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी हिमोग्लोबिनची रचना समोर ठेवून रेणूत एकेक बदल करत नेले. शेवटी व्हॉक्सेलोटर नावाचा रेणू तयार झाला. जुन्या रेणूंपैकी दोन रेणू एका हिमोग्लोबिनला लागत, याचा एकच पुरत होता. तो अल्फा साखळीच्या टोकाला जाऊन बसत होता. तोंडाने घेता येत होता आणि रक्ताच्या पाण्यापेक्षा लाल पेशींत कितीतरी जास्त जमा होत होता. रचना पाहून औषध घडवण्याचे काम किती बारकाईने होते, याचा हा नमुनाच होता.

त्यानंतर माणसांवरील चाचणी झाली. २७४ रुग्णांचे गट पाडले. काहींना औषध, काहींना औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २४ आठवड्यांनी १५०० मिलिग्रॅमच्या गटात ५१ टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन १ ग्रॅमहून अधिक वाढले होते. नुसत्या गोळीच्या गटात ७ टक्क्यांचे. या आकड्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये औषधाला लवकरची परवानगी दिली. अट अशी की पुढच्या चाचण्यांत रुग्णाला प्रत्यक्ष फायदा होतो हे कंपनीने दाखवावे. अमेरिकेत या औषधाची वर्षाची किंमत होती सुमारे सव्वा लाख डॉलर.

इथे थोडे थांबा. हिमोग्लोबिन वाढले, हे रिपोर्टमधले. पण रुग्णाला काय हवे असते? दुखणे कमी व्हावे, दवाखान्याच्या फेऱ्या कमी व्हाव्यात, आयुष्य वाढावे. त्याच चाचणीत दुखण्याच्या झटक्यांमध्ये ठोस फरक दिसला नव्हता. काही तज्ज्ञांनी शंकाही मांडली होती की ऑक्सिजन घट्ट धरून ठेवणारे हिमोग्लोबिन मेंदूला आणि इतर अवयवांना तो सोडेल का? टाकीत पाणी वाढले पण नळ घट्ट झाला, तर घरात पाणी किती येणार?

पुढच्या चाचण्या झाल्या. त्यांत आफ्रिकेतील देशांमधले रुग्णही होते. लकव्याचा धोका जास्त असलेल्या मुलांच्या एका चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ८ जण दगावले आणि नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी २. झटक्यांबाबतही चिंता वाढवणारी माहिती आली. तोवर ही कंपनी फायझरने विकत घेतली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने व्हॉक्सेलोटर जगभरातून मागे घेतले. औषधाचा एकूण फायदा आता धोक्यापेक्षा जास्त राहिलेला नाही, असे कंपनीनेच जाहीर केले.

पाच वर्षे बाजारात राहिलेले, रचना पाहून हुशारीने घडवलेले औषध असे परत गेले. किल्ली कुलपात बसत होती. रिपोर्टमधला आकडाही वाढत होता. तरी माणसाच्या शरीराने वेगळे उत्तर दिले. यावरून संगणक खोटा ठरत नाही. रेणू हिमोग्लोबिनला चिकटेल का, एवढाच प्रश्न त्याला विचारला होता आणि त्याचे उत्तर बरोबर होते. रुग्ण बरा राहील का, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर मिळायला चाचण्या आणि वर्षे लागली.

माणसांवरील चाचणीपर्यंत पोहोचलेल्या नव्या औषधांपैकीही दहातली साधारण नऊ औषधे शेवटपर्यंत टिकत नाहीत. मग जे फक्त संगणकात पाहिले आहे, त्याची वाट किती लांब असेल याचा विचार करा.

जुनी गोळी, पण तपासलेली

ताईंनी बंद केलेली गोळी म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. हा पदार्थ १८६९ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा तयार झाला, तेव्हा संगणक नव्हताच. सिकलसेलसाठी त्याची मोठी चाचणी २९९ प्रौढ रुग्णांवर झाली आणि १९९५ मध्ये तिचा निकाल आला. नुसती गोळी घेणाऱ्यांना वर्षाला साधारण साडेचार झटके येत होते. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांना अडीच. म्हणजे दुखणेच मोजले आणि दुखणेच कमी झाले.

बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते. ते सिकल हिमोग्लोबिनच्या दोऱ्या बनू देत नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. आजार मुळापासून जात नाही, पण झटके कमी होतात आणि रक्त चढवण्याची गरजही कमी होते. सिकलसेल कार्यक्रमात अनेक सरकारी दवाखान्यांतून ही गोळी मोफत मिळते.

ही गोळी घेताना लक्षात ठेवा :

• डॉक्टरांनी ठरवलेला डोस रोज घ्या. परिणाम दिसायला काही महिने लागतात. बरे वाटते म्हणून बंद करू नका.

• ठरलेल्या तारखेला रक्ताची तपासणी करून घ्या. या गोळीने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. तसे झाले तर डॉक्टर डोस थांबवतात किंवा कमी करतात. तो निर्णय डॉक्टरांचा, मेसेजचा नव्हे.

• गरोदर असाल, मूल हवे असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. पुरुषांनीही सांगावे.

• कॅप्सूल फोडू नका आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

• पाणी भरपूर प्या. नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच. थंडीत अंग उबदार ठेवा.

आणि ही लक्षणे दिसली तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा : १०१ च्या वर ताप, छातीत दुखणे किंवा धाप, एका बाजूचे हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, मूल अचानक पांढरेफटक पडणे, पोट डाव्या बाजूला फुगणे, घरच्या गोळीने न थांबणारे दुखणे.

मेसेज आला तर हे पाच प्रश्न विचारा

एक : हे कशात तपासले? अशा लेखांत 'इन सिलिको' असा शब्द असेल तर अर्थ फक्त संगणकात. 'इन व्हिट्रो' म्हणजे काचेच्या नळीत. 'इन व्हिवो' म्हणजे जिवंत शरीरात, तेही बहुतेक वेळा उंदरांत. माणसांवरील चाचणीचा उल्लेख नसेल तर ते अजून औषध झालेले नाही.

दोन : किती माणसांत तपासले आणि कोणाशी तुलना केली? "माझ्या जावेला गुण आला" ही तुलना नव्हे. सिकलसेलचे दुखणे येते आणि जाते. जायच्या वेळी जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळते. म्हणून दोन गट लागतात.

तीन : काय मोजले? रिपोर्टमधला आकडा की रुग्णाचे दुखणे आणि जगणे? व्हॉक्सेलोटरची गोष्ट आठवा.

चार : सांगणारा काही विकतो का? खाली फोन नंबर आणि किंमत असेल तर सावध व्हा.

पाच : चालू औषध बंद करायला सांगतो का? सांगत असेल तर तिथेच थांबा आणि मेसेज आपल्या सिस्टरला, आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवा.

चाचणीत भाग घ्या असे कोणी म्हटले तर?

आता काही जण म्हणतील, म्हणजे गरिबांवरच प्रयोग करणार! ही भीती उगीच नाही. गरिबाची सही घेऊन त्याला काहीच न सांगण्याचे प्रकार या देशात झाले आहेत. पण दुसरी बाजूही पाहा. आपल्याकडील सिकलसेलचा अनुवांशिक प्रकार आफ्रिकेतील प्रकारांपेक्षा वेगळा आहे. आपल्या लोकांवर नीट चाचण्या झाल्याच नाहीत तर नवे औषध आपल्याला लागू पडते की नाही हे कधीच कळणार नाही. म्हणून नकार किंवा होकार देण्याआधी आपले हक्क माहीत असू द्या.

२०१९ च्या नव्या औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांनुसार तुम्हाला समजेल अशा भाषेत सगळी माहिती देऊनच संमती घ्यावी लागते. दुर्बल घटकांतील व्यक्तींवर नव्या रेणूची चाचणी असेल तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. समजत्या वयाच्या मुलाची आई-वडिलांसोबत स्वतःचीही संमती लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळायला हवी. चाचणीला नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते आणि तिची सरकारी नोंदवहीत नोंद असावी लागते. तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. संमतीपत्राची प्रत घरी आणा, वस्तीतल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या आणि मगच सही करा.

तपासून घेण्याची शिकवण

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण विहारात अनेकदा ऐकतो. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. ती हिताची आहे का ते पारखून घ्या. आपण बुवा-बाबांच्या बाबतीत हा उपदेश वापरतो. संगणकाचे नाव घेऊन आलेल्या गोष्टीलाही तोच लावायला हवा. औषधाच्या बाबतीत हे पारखणे एकट्याने होत नाही. दोन गट करून, मोजून, निकाल सगळ्यांसमोर ठेवून ते करावे लागते. व्हॉक्सेलोटर मागे घेतले गेले, कारण बाजारात आल्यानंतरही त्याची पारख चालू होती.

आणखी एक सांगते. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले-मुली बी.एस्सी., बी.फार्म. करत आहेत. प्रोटीन डेटा बँक त्यांच्यासाठीही खुली आहे. हिमोग्लोबिनची रचना साध्या लॅपटॉपवर फिरवून पाहता येते. २००८ मध्ये सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने क्षयरोगाच्या औषधांसाठी खुले संशोधन अभियान सुरू केले, तेव्हा कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीही त्यात काम केले होते. सिकलसेल ज्यांच्या घरात आहे त्यांनीच या कामात उतरायला हवे. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, त्यात हेही येते. येत्या १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनी, विहारात मुलांकडून ही रचना सगळ्यांना दाखवून घ्या.

त्या ताईंच्या मुलाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झाल्या आहेत. रक्ततपासणीची तारीख त्यांनी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे. परवा त्यांनी आणखी एक मेसेज आणला. या वेळी त्या मला विचारायच्या आधीच म्हणाल्या, "सिस्टर, हे नुसतं कम्प्युटरातलंच आहे. माणसावर कुठं तपासलं ते लिहिलंच नाही याच्यात."

जयभीम! नमो बुद्धाय!